तीन नंबरची हाळी

"आक्काताई चौगुले! आक्का, हायसा का आत?"

तीन नंबरच्या चेंबरचं वीतभर जाडीचं दार अर्धवट उघडून दस्तगीरमामा आत तोंड घालून ओरडत होते. काखेत लांबडं रजिस्टर, कानावर पेन. सहा वाजून चार मिनिटं झाली होती आणि आतली थंडी माझ्या पायांवरून बाहेर सांडत होती. मी घड्याळाकडे बघत मागे उभी होते. नोकरीला लागून मला जेमतेम महिना झाला होता, आणि महिनाभरात आपल्याला सगळं कळतं अशी माझी ठाम समजूत होती.

आतून काहीच आवाज आला नाही. मामा दाराला हात लावून नुसते उभे राहिले.

"नसेल कुणी. लावा दार," मी म्हणाले.

"थांबा ताई. उत्तराला येळ द्या की. आत पंख्यांचा आवाज असतोय. म्हातारं माणूस, बॉक्सच्या मागं असंल तर यायला येळ लागतो."

आणि खरंच, थोड्या वेळाने रबरी बुटांचा फटक फटक आवाज आला. डोक्यावरचा पदर सावरत, थंडीने लाल झालेलं नाक पुसत आक्काताई बाहेर आल्या. सत्तरीच्या तरी असतील.

"आले की रं. वरडतोयस कशाला? मी काय बहिरी हाय?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ह्या नव्या बाईसाहेब व्हय? किती वाळलीयास गं पोरी! मूठभर बेदाणं खात जा रोज."

मामांनी कानावरचं पेन काढलं आणि त्यांच्या नावापुढे वेळ लिहिली. आक्काताईंनी शेजारी अंगठा उठवला, रबरी बूट काढले, आपल्या चपला घातल्या आणि गेल्या. मग कुठे कुलूप लागलं.

तासगावच्या वाटेवरचं ते बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज. सहा चेंबर, आत चार डिग्री. शेतकरी माल ठेवून जायचे आणि भाव येईपर्यंत अधूनमधून येऊन बघायचे. आक्काताईंचं बघणं जरा जास्तच होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांचे बॉक्स कुणाच्या तरी हलक्या मालाशी बदलले गेले होते. तेव्हापासून प्रत्येक बॉक्सला त्या आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधायच्या आणि दर दुसऱ्या गुरुवारी येऊन एकेक चिंधी हाताने चाचपून जायच्या.

चेंबरला संध्याकाळी सहाला कुलूप लागायचं ते सकाळी नऊलाच निघायचं. दिवे बाहेरून बंद व्हायचे. आत दाराजवळ घंटेचं बटण होतं, पण ते कधीचं बिघडलेलं. त्याची कुणाला फिकीर नव्हती, कारण मामांची हाळी होती. रजिस्टरमध्ये ज्याच्या नावापुढे जाण्याची वेळ नसेल त्याच्या नावाने मामा प्रत्येक दाराशी हाळी द्यायचे. एकही नाव शिल्लक नसलं तरी 'कोन हाय का आत?' असं एकदा विचारायचेच. बावीस वर्षं हेच चाललं होतं.

"तोंड बघितल्याशिवाय 'गेला' लिहायचं न्हाई," ते मला म्हणाले होते. "माझ्या आधीच्या माणसानं मला हे एकच शिकवलंय. बाकी ह्या नोकरीत शिकण्यासारखं काय हाय?"

मला ते ऐकून हसू आलं होतं. मी मिरजेहून आलेली, एमबीए झालेली प्रणिता आवटी. मला शिकण्यासारखं आणि शिकवण्यासारखं फार होतं.

त्याच महिन्यात माल घेणाऱ्या परदेशी कंपनीचा ऑडिटर आला. त्याने मामांचं रजिस्टर दोन बोटांनी उघडलं. अंगठ्यांचे शाईचे डाग, चहाचे गोल, 'वरीलप्रमाणे' म्हणून ओढलेल्या रेघा. त्याने ते तसंच मिटून ठेवलं आणि मालकांकडे, अण्णासाहेबांकडे बघितलं. अण्णासाहेबांनी माझ्याकडे बघितलं. पंधरा दिवसांत गेटवर टॅबलेट आला.

येणाऱ्याने आपला मोबाइल नंबर टाकायचा, त्यावर आलेला आकडा टाकायचा, समोर बघायचं, फोटो निघायचा. जाताना पुन्हा नंबर टाकून 'बाहेर' दाबायचं. वर ठळक अक्षरात आकडा दिसायचा: सध्या आत इतके. जुनी रजिस्टरं मी पोत्यात भरून माळ्यावर टाकली. मामा टॅबलेटकडे बराच वेळ बघत राहिले.

"झकास हाय," ते म्हणाले. "पर ह्यात अंगठा कुठं उठवायचा?"

मी हसले. पण दुसऱ्याच दिवशी माझं हसू मावळलं. निम्म्या लोकांकडे फोन नव्हता. काहींचा घरी पोराकडे, काहींचा चार्जिंगला. गेटवर रांग लागली, शिव्या सुरू झाल्या. मी टॅबलेटवाल्या कंपनीला फोन केला आणि एक रकाना वाढवून घेतला: 'सोबत किती?' फोनवाल्या एकाने नंबर टाकायचा आणि बाकीच्यांचा नुसता आकडा. ही कल्पना माझी. दुसऱ्या कुणाची नाही. रांग संपली आणि अण्णासाहेब सगळ्यांसमोर मला 'हुशार पोरगी' म्हणाले. आठवडाभर माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

"ताई," मामांनी विचारलं, "पाच माणसं आत गेली तर पाच नावं नकोत?"

"एकाचा नंबर आहे ना. तो बाहेर गेला की पाचही गेले."

"आन् न्हाई गेले तर?"

"मामा, एका जीपमधून आलेली माणसं एकाच जीपमधून जाणार ना?"

त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नव्हतं. संध्याकाळी सहाला ते सहाही दारं उघडून पूर्वीसारखीच हाळी देत राहिले. आता नावं नव्हती, म्हणून नुसतं 'कोन हाय का आत?' आणि मग उत्तराची वाट बघणं. दार उघडलं की आतलं तापमान चढायचं, त्यामुळे ग्राफवर रोज सहा वाजता सहा शिंगं उगवायची. ऑडिटरने मेल पाठवला: ही शिंगं कसली? अण्णासाहेब माझ्यावर भडकले. माझी नोकरी अजून कच्ची होती, दिवाळीला पक्की होणार होती. मी कंपनीच्या छापील कागदावर मेमो तयार केला: 'टॅबलेटवर आकडा शून्य असल्यास चेंबरचे दार पुन्हा उघडू नये.' खाली माझी सही. मामांना वाचून दाखवला.

मामांनी कागदाची चौघडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. "लेखी दिलंत ते बरं केलंत," एवढंच म्हणाले.

यानंतरचा दुसरा का तिसरा गुरुवार. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑडिटर येणार होता, म्हणून मी सकाळपासून कागद लावत होते. चारच्या सुमाराला आक्काताईंच्या गावची जीप आली. जीप सर्जेराव म्हणून एकाची होती. त्यानेच आपला नंबर टाकला, 'सोबत ४' लिहिलं. आक्काताईंनी माझ्या खिडकीत डोकावून पाहिलं.

"अजून वाळलेलीच हायस," त्या म्हणाल्या. "बेदाणं खात न्हाईस."

"खाते हो आजी," मी मान वर न करता म्हणाले.

पुढचं मला सर्जेरावकडून नंतर कळलं. पाचच्या सुमाराला तो चेंबरमध्ये त्यांना बोलवायला गेला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं. माझ्या दोन चिंध्या सुटल्यात, त्या बांधते. आज लेकीकडं तासगावला जाते मुक्कामाला, यष्टीनं." सर्जेराव बाहेर आला. मामा तेव्हा मागच्या फाटकाशी ट्रक वळवून घेत होते. सर्जेरावने नंबर टाकला, 'बाहेर' दाबलं. यंत्राने पाचही माणसं बाहेर काढली. त्याने काही चुकीचं केलं नाही. मी त्याला तेवढंच करायला शिकवलं होतं.

सहा वाजता मामा माझ्या टेबलाशी आले.

"ताई, तीन नंबरच्या म्होरल्या खोलीत एक जोड चपला हाय."

चेंबरमध्ये जाताना सगळे आपल्या चपला बाहेरच्या छोट्या खोलीत काढायचे आणि तिथले रबरी बूट घालायचे. मी टॅबलेट पुढे ओढला. वर ठळक शून्य होतं. मी ते मामांकडे वळवलं.

"शून्य आहे, मामा."

"व्हय. पर चपला हायत की."

"बेदाणा निवडणाऱ्या बायकांच्या असतील. त्या जुन्या चपला टाकून जातातच."

"बायकांच्याच हायत," ते म्हणाले. "एकदा हाळी देऊ का? तीनच नंबरला. बाकीच्यांना हात लावत न्हाई."

मी त्यांच्याकडे नीट बघितलंही नाही. ग्राफची प्रत सात वाजता अण्णासाहेबांना मुंबईला पाठवायची होती. "मामा, उद्या ऑडिट आहे. आजचा एक दिवस तरी रेघ सरळ राहू दे. मेमो आहे ना तुमच्याकडे?"

"हाय की," ते म्हणाले आणि खिशावर हात ठेवला.

ते गेले. काचेतून मला दिसलं. त्यांनी त्या चपला उचलल्या, एकमेकींवर आपटून माती झाडली आणि वरच्या फळीवर जोडीने ठेवल्या. मग दिव्याचं बटण बंद केलं आणि कुलूप लावलं. दाराला कान लावून जरासे उभेही राहिले. पण वीतभर जाडीच्या दारातून काय ऐकू येणार?

माझ्यासमोर स्क्रीनवर सर्जेरावचा नंबर होता. एक फोन केला असता तर तो म्हणाला असता, 'आक्का तर तिथंच हाय, चिंध्या बांधत.' एक फोन. हे मी गेल्या अकरा वर्षांत किती वेळा घोकलंय याला गणतीच नाही.

सकाळी नऊला ऑडिटर माझ्या शेजारी उभा होता. मी त्याला सरळ रेघ दाखवत होते. मामांनी तीन नंबरचं कुलूप काढलं, दिवा लावला, दार ओढलं. दाराबरोबर काहीतरी बाहेर कलंडलं. आधी मला वाटलं, बॉक्स असावा.

आक्काताईंनी आपले बॉक्स एकेक करून दारापर्यंत आणले होते. हिरव्या चिंध्यांचे सगळे. त्यांची भिंत करून त्या आत बसल्या होत्या, अंगाला पदर गुंडाळून, दाराला टेकून. दाराच्या आतल्या बाजूला पत्र्यावर एका बुटाच्या टाचेचे ठोके उठले होते, खूप. घंटेचं बटण आत दाबलं गेलं होतं ते तसंच अडकून राहिलं होतं. दुसऱ्या कुणाच्या मालाला त्यांनी हात लावला नव्हता. बाजूलाच रिकाम्या पोत्यांची थप्पी होती. त्यातली चार अंगावर घेतली असती तरी, डॉक्टर नंतर म्हणाले, कदाचित... पण ती पोती परक्याची होती.

मामा खाली बसले आणि आक्काताईंच्या पायांतले रबरी बूट काढू लागले. "आक्का, आक्का," इतकंच म्हणत होते. मी उभीच होते. मला रडू आलं नाही. मला भीती वाटली, आणि ती आक्काताईंसाठी नव्हती. ती माझ्या सहीची होती. हे लिहायला मला लाज वाटते, पण तसंच झालं.

अण्णासाहेब दुपारी आले. फायलीतली मेमोची प्रत मीच काढून त्यांना दिली. त्यांनी ती फाडली नाही, घडी करून खिशात घातली. "दस्तगीरकडं एक असंल," ते म्हणाले. "बघू."

मामांना त्याच दिवशी कामावरून बंद केलं. बाराव्या दिवशी सरकारी चौकशी होती. मामा आले, पण आता ते बाहेरचे होते, म्हणजे टॅबलेटवर नोंद हवी. त्यांच्याकडे फोन नव्हता.

"माझ्या नंबरवर घेते," मी म्हणाले. माझा नंबर टाकला आणि पुढे लिहिलं: सोबत १.

मामांनी ते वाचलं. मग आत गेले.

चौकशीचे साहेब हळू बोलणारे होते. पंचनामा समोर ठेवून त्यांनी विचारलं, "चपला फळीवर कुणी ठेवल्या?"

"मी," मामा म्हणाले.

"म्हणजे त्या तुम्हाला दिसल्या होत्या."

"व्हय."

"तरीही दार न उघडता कुलूप लावलंत. कुणी तसं सांगितलं होतं? काही लेखी?"

मामांचा हात खिशाशी गेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी उत्तर द्यावं म्हणून वेळ दिल्यासारखं बघितलं. मी टेबलाची कड बघत राहिले.

"कुलूप माझ्या हातानं लागलं, साहेब," ते शेवटी म्हणाले. "हाळी माझी होती. मी दिली न्हाई."

साहेब माझ्याकडे वळले. "चपलांबद्दल हे तुम्हाला काही बोलले होते?"

"नाही," मी म्हणाले.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, म्हणजे शेवटी सांगायला एकच गोष्ट उरेल. मामांवर खटला झाला. तारखा पडत राहिल्या आणि चौथ्या वर्षी, निकालाच्या आधीच, ते गेले. माझी नोकरी दिवाळीला पक्की झाली. दोन वर्षांनी मी पुण्याला आले, मोठ्या पगारावर. त्या 'नाही'बद्दल मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

चौकशीच्या त्या दिवशी साहेब पाचला गेले. अण्णासाहेब त्यांना सोडायला गेले. नवा वॉचमन अजून मिळाला नव्हता, म्हणून किल्ल्या माझ्याकडे होत्या. सहा वाजता मी टॅबलेटवर माझा नंबर टाकला आणि 'बाहेर' दाबलं. 'प्रणिता आवटी, सोबत १, बाहेर.' वर शून्य आलं. मी किल्ल्या घेऊन कुलपं लावायला निघाले.

तीन नंबरच्या बाहेरच्या खोलीत दस्तगीरमामा बाकावर बसले होते. अनवाणी. चपला समोर काढून ठेवलेल्या.

मी दचकले. "मामा, मला वाटलं तुम्ही गेलात."

"यंत्रात गेलो आसंन," ते म्हणाले. "मी हाय अजून आत."

मला बसावंसं वाटलं, पण बसायला जागा त्यांच्या शेजारीच होती. त्यांनी खिशातून चौघडी काढली. घडीच्या रेघांवर कागद झिजला होता. त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

"घ्या. तुमचा हाय."

"तुम्ही दाखवला का नाहीत?"

"दाखवून काय झालं असतं? चपला मला दिसल्या होत्या, ताई. तुम्हाला न्हाई. कागद हाय म्हणून मी गप बसलो. बावीस वर्सांत पहिल्यांदा." त्यांचा आवाज फाटला. त्यांनी बाहीला डोळे पुसले. "आन् तुम्ही आज 'न्हाई' म्हणालात. ते तुमचं तुम्ही बघा. मला त्यातलं काय नको."

मी कागद घेतला. माझी सही वरून दिसत होती.

"आता दार उघडा," ते म्हणाले.

"कशाला?"

"सहा वाजलेत. हाळी द्या."

"मामा, आत कुणी नाही."

"ते हाळी दिल्यावर कळतं."

मी कुलूप काढलं. दार जड असतं, मी ते कधी स्वतः ओढलं नव्हतं. थंडी पायांवर आली. पत्र्यावरचे ठोके तसेच होते. आत अंधारात पंखे घोंगावत होते. मामा मागे उभे होते.

"आक्काताई चौगुले," मी म्हणाले. मग पुन्हा, जोरात, "आक्काताई! आहात का आत?"

आवाज आत गेला आणि बॉक्सच्या मागे कुठेतरी मुरला. मी दार ओढायला हात घातला.

"थांबा," मामा म्हणाले. "उत्तराला येळ द्या."

आम्ही उभे राहिलो. किती वेळ, मला सांगता येणार नाही. माझे पाय बधिर झाले, दात वाजायला लागले, तरी ते हलले नाहीत आणि मीही हलले नाही. मग त्यांनी माझ्या हातातून दार घेतलं, हळूच लावलं, कुलूप घातलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि चपला घालून गेटकडे चालायला लागले.